कातारी, जांगड आणि दुकानाची फळी

विश्वकर्मा योजनेच्या यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, टोपल्या-झाडू करणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारेसुद्धा आहेत. कातारी मात्र नाही. त्याला अर्ज करायचा असेल तर सुतार म्हणून करायचा, नाहीतर खेळणी-बाहुल्या करणारा म्हणून. आपल्या जामखेडात हे कुणाच्या फारसं लक्षात आलेलं नाही, कारण कातारी हा शब्दच आपल्या तोंडातून गेलाय. म्हणून आजची पोस्ट त्याच्यावर. लांब आहे, सवडीनं वाचा. आणि तुमचं भांड्यांचं, कटलरीचं किंवा किराण्याचं दुकान असेल तर शेवटपर्यंत वाचाच.

कातारी म्हणजे लाकूड कातणारा. सूत कातायचं तसं मराठीत लाकूडही कातायचं असतं. दोन्हीकडे काहीतरी गरगर फिरत असतं, म्हणून असेल. सुतार लाकूड कापतो, तासतो, जोडतो. कातारी लाकूड फिरवतो आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून त्याला गोलाई आणतो. लाटणं, भोवरा, भिंगरी, पाळण्याचे दांडे आणि त्यांच्या टोकाचे गोळे, पलंगाचे खूर, देव्हाऱ्याचे खांब आणि कळस, चकलीचा लाकडी सोऱ्या, भातुकलीतलं जातं, बुद्धिबळाची प्यादी, हे सगळं कातकाम. मोल्सवर्थ साहेबाच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात कातारी आहे. म्हणजे तेव्हा हा शब्द सांगावा लागत नव्हता, चालू होता.

ज्या यंत्रावर हे काम होतं त्याला आज आपण खराद म्हणतो किंवा सरळ लेथ म्हणतो. मोटार लागली तेव्हापासून ते एकाच दिशेला फिरतं. आधी तसं नव्हतं. जमिनीत दोन खुंट, मध्ये लाकूड अडकवलेलं, लाकडाला दोरीचा किंवा चामड्याच्या वादीचा वेढा. एकजण दोरी मागे-पुढे ओढणार, आणि हा एकजण म्हणजे बहुतेक घरचीच बाई नाहीतर पोरगा. समोर कातारी जमिनीवर बसलेला, एका हातात हत्यार, आणि हत्यार हलू नये म्हणून त्याला पायाच्या बोटांचा आधार. लाकूड एकदा पुढं फिरायचं, एकदा मागं. धार लागायची ती फक्त एका फेरीला. दोरी ओढणाराचे निम्मे कष्ट रिकाम्या फेरीत जायचे. या कामाच्या मजुरीचा हिशोब कधी कुणी मांडला असेल तर त्यात दोरी ओढणारीचा आकडा होता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. मला वाटतं, नव्हता.

आता मूळ मुद्दा. हा माल विकायचा कसा?

आपल्याला शाळेत बारा बलुतेदार शिकवले. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ सालचं. गावाचा कारभार कसा चालायचा ते समजून घ्यायला आजही त्याच्याइतकं कामाचं पुस्तक नाही. सुतार बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला. नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करून द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. वर्षभराचं काम आणि वर्षाचं धान्य. यात विक्री असा प्रकारच नव्हता. गिऱ्हाईक ठरलेलं, कारागीर ठरलेला, भाव रुढीनं ठरलेला. या व्यवस्थेत माणसाला जखडून ठेवणारं बरंच होतं, आणि त्यात ज्यांना सगळ्यात खाली ठेवलं त्यांनी ती झुगारली ते योग्यच केलं. तिचं गोडवेगायन मला करायचं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सुताराचं बलुतं होतं ते शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीचं. नवी गाडी करायची, घर बांधायचं, तर त्याची मजुरी वेगळी. पाळणा, लाटणं, भोवरा हे तर खळ्याच्या हिशोबात कधी आलंच नाही.

माझ्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री होते, आता हयात नाहीत. त्यांनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. "नांगराचं जवारीत मिळायचं बाबा, लाटण्याचं मात्र रोख."

हे रोख म्हणजे बाजार. गोल लाकडाचा माल पहिल्यापासून बाजारावर जगला. बलुतं मोडलं तेव्हा सुतार अडचणीत आला, कातकाम करणारा त्याआधीपासूनच उघड्यावर होता. त्याला गिऱ्हाईक शोधावं लागायचं.

त्याची ठिकाणं तीन. पहिलं म्हणजे घरपोच सांगून केलेलं काम. लेक बाळंतपणाला माहेरी आली की पाळणा सांगायचा, लग्न ठरलं की रुखवतात मांडायला पोळपाट-लाटणं आणि लाकडी भातुकली. याला आगाऊ थोडे पैसे मिळायचे आणि माल पडून राहायची भीती नव्हती. दुसरं म्हणजे जत्रा. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. मग चैत्रात गावोगावच्या जत्रा. जत्रेत पोरगं भोवऱ्यासाठी अडून बसतं आणि बापाला घ्यावाच लागतो. पण जत्रा दोन-तीन महिने. पुढचे नऊ महिने काय करायचं? तिथं तिसरं ठिकाण आलं. दुकान.

आता दुकानाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळा गुंता इथंच आहे.

जामखेड हे नाक्याचं गाव. नगरहून बीडला जाताना लागतं. इकडं कर्जत, तिकडं आष्टी-पाटोदा, खाली खर्डा आणि पुढं भूम-परांडा. निजामाच्या काळात हद्द इथंच लागून होती. खर्डा तर जुनी पेठ, १७९५ च्या लढाईमुळं पुस्तकात गेली, पण त्याआधी आणि नंतरही सावकार-व्यापाऱ्यांचं गाव म्हणून ओळखीची. आजही दुसऱ्या जिल्ह्यातली खेडी बाजाराला जामखेडात येतात. त्यामुळं आपल्याकडच्या दुकानाच्या फळीवर जे ठेवलं जातं ते तीन जिल्ह्यांतल्या घरांत जातं. त्या फळीवर जागा मिळणं ही कारागिराच्या दृष्टीनं मोठी गोष्ट.

ती जागा मिळायची जांगडावर.

जांगड हा शब्द नव्या पिढीला माहीत नसेल. मोल्सवर्थमध्ये तोही आहे. माल न्यायचा, पटला किंवा खपला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा, तोवर पैसे द्यायचे नाहीत. मुंबईच्या हिरेबाजारात आजही जांगड चिठ्ठीवर माल या हातातून त्या हातात जातो. कापडाच्या, सोन्याच्या दुकानातून घरी साड्या-दागिने पसंतीला न्यायची पद्धत म्हणजेही जांगडच. कारागीर दोन डझन लाटणी भांड्यांच्या दुकानात ठेवतो, शेठ वहीत लिहून घेतात, "खपली की या" म्हणतात. तोही जांगड.

ऐकायला सोयीचं वाटतं. दुकानदाराला भांडवल घालावं लागत नाही आणि कारागिराला फुकट फळी मिळते. पण जरा हिशोब मांडून बघू. समजा एक लाटणं ५० रुपयांचं. चार दुकानांत पंचवीस-पंचवीस ठेवली. म्हणजे १०० लाटणी, ५,००० रुपयांचा माल लोकांच्या फळीवर. लाकूड त्यानं वखारीतून रोखीनं आणलं. विजेचं बिल रोख. हाताखालच्या पोराचा पगार दर आठवड्याला. तीन महिन्यांनी फेरी मारली तर समजा ७० खपली, पाच उन्हाळ्यात तडकली, पंचवीस तशीच. सत्तरचे ३,५०० रुपये यायचे, ते एकदम येत नाहीत. एक शेठ हजार देतात, दुसरे "पुढच्या बाजारी बघू" म्हणतात. तडकलेली पाच कुणाच्या नावावर? कारागिराच्या. उरलेल्या पंचविसांवर धूळ बसून ती जुनी दिसायला लागली, ती कुणाच्या नावावर? कारागिराच्याच.

म्हणजे दोघांपैकी ज्याच्याकडं भांडवल कमी, त्यानं ज्याच्याकडं भांडवल जास्त त्याला बिनव्याजी उसनं दिलं. तीन महिन्यांसाठी, चार जणांना, आणि कागदावर काही न घेता.

यात दुकानदाराला खलनायक करायचं मला कारण दिसत नाही. माझे अर्धे मित्र दुकानदार आहेत आणि त्यांची बाजूही खरी आहे. भाडं, लाईट, कामगार हे त्यांना सुटत नाही. बाभळीचं किंवा आंब्याचं लाकूड ओलं असताना कातलं तर दुकानात आल्यावर सुकताना तडकतंच. कीड लागते, पीठ पडतं. दहा लाटण्यांत दहा वजनं. एका भांडेवाल्या काकांनी मला विचारलं होतं, "आवो पत्रकार, स्टीलची ताटली दोन वर्षं पडली तरी पुसली की नवी. हे लाकूड मी किती दिवस सांभाळायचं?" आणि प्लास्टिकचा माल घेऊन येणारा एजंट उधारी देतो, फुटका माल बदलून देतो, दिवाळीला स्कीम देतो. तोही एका अर्थी जांगडच करतो, पण त्याच्यामागं कंपनीचं भांडवल आहे. पंचवीस डबे पडून राहिले तर त्याच्या घरची चूल अडत नाही. फळीसाठी ही दोघांची झटापट होती आणि तिचा निकाल कारागिरीवर लागलाच नाही. पडून राहिलेल्या मालाचा भार कोण किती दिवस सोसू शकतो, यावर लागला.

लोक म्हणतात, मिक्सरनं रवी मारली, स्टीलनं लाकडी भांडी मारली, प्लास्टिकनं भोवरा मारला. ते खरंच आहे. पण लाटणं कशानं मारलं? पोळी आजही लाटूनच होते. लाटणं आजही लाकडाचंच विकलं जातं. जामखेडच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात जा, लाटणी गठ्ठ्यानं आहेत. ती ठोक बाजारातून आलेली, कुठं कातली ते दुकानदारालाही माहीत नसतं. गरज संपलेली नाही, हात बदलले.

हा प्रश्न आपल्या आधी कुणाला पडला नव्हता असं नाही. पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७० साली सार्वजनिक सभा काढली तीच माणसं. त्यांना पाठ्यपुस्तकात आपण खादीसाठी ओळखतो. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते हातमागाच्या सुताचा साधा पोशाख घालून गेले. पण त्यांनी केलेलं जास्त अवघड काम म्हणजे दुकानं. देशी माल वापरा हे सांगून भागत नाही, तो मिळाला पाहिजे, म्हणून लोकांचं भांडवल उभं करून देशी मालाची दुकानं काढली. पुढं वंगभंगाच्या चळवळीत मुंबईत बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघालं, १९०६ च्या सुमाराला. तेच पुढचं 'बॉम्बे स्टोअर'. परदेशी कापडाची होळी सगळ्यांच्या लक्षात राहते, फोटो छान येतो. दुकान चालवणं कंटाळवाणं काम, भाडं भरा, माल मोजा, उधारी वसूल करा. त्याचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही.

आपल्या तालुक्यातलंच उदाहरण घ्या. चौंडीची लेक महेश्वरी गेली आणि तिथं तिनं विणकर वसवले. अहिल्यादेवींच्या त्या कामात दोन गोष्टी होत्या. कारागिराला जागा दिली ही एक, आणि दरबार हा त्यांच्या मालाचा पहिला खरेदीदार झाला ही दुसरी. पाहुण्यांना भेट द्यायच्या साड्या तिथंच विणल्या जायच्या असं सांगतात. संस्थानं गेली, तो खरेदीदार गेला आणि महेश्वरचे माग मंदावले. १९७० च्या दशकाच्या अखेरीला होळकर घराण्यातल्यांनीच रेहवा सोसायटी काढून पुन्हा ऑर्डर आणि विक्रीची सोय केली तेव्हा त्यांना परत जीव आला. नगरचं अहिल्यानगर झालं, चांगलं झालं. पण देवींच्या नावानं भाषणं करणाऱ्यांनी त्यांचा हा दुसरा गुण, कारागिराचा माल विकत घेण्याचा, फारसा घेतलेला दिसत नाही.

लाकडाच्या बाबतीत हीच गोष्ट सावंतवाडीला घडली. महाराष्ट्रात लाखेच्या रंगकामाचं मोठं ठिकाण तेच. चितारी मंडळींचं काम, त्यांची चितारआळी. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड घेऊन फळं-भाज्या कोरून रंगवायच्या, भोवरे-लाटणी-पाळणे कातायचे आणि त्यावर लाख चढवायची. लाख चढवणं बघण्यासारखं असतं. लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्याला टेकवायची. घासण्याच्या उष्णतेनंच लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानानं दाबून घासलं की आरशासारखी चकाकी येते. ब्रश नाही, डबा नाही, वास नाही.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे गोल रंगवलेले पत्ते, विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपत आली होती. ती कला येणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून शिकल्या आणि १९७१ मध्ये राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू केलं. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून काम करतात, बघायला येणारा तिथंच विकत घेतो. सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. माझ्या मते त्या दोघांनी नुसतं प्रशिक्षण वर्ग काढला असता तर चार बॅचेस प्रमाणपत्रं घेऊन घरी गेल्या असत्या. त्यांनी कामाची जागा आणि विक्रीची जागा एक केली. वाड्यानं माल आपल्या अंगावर घेतला. चितारआळीतही पूर्वीपासून तेच, पुढं दुकान, मागं किंवा वर काम. जांगडाचा प्रश्नच येत नाही कारण फळी स्वतःची.

पण फळी स्वतःची असून भागत नाही, तिच्यासमोरून माणूसही जावा लागतो. मुंबई-गोवा महामार्ग पूर्वी सावंतवाडी शहरातून जायचा. आता तो झाराप-पत्रादेवी बाजूनं शहराबाहेरून जातो. गोव्याची गाडी आता सावंतवाडीत थांबेलच असं नाही. याहून ठसठशीत उदाहरण कर्नाटकातलं आहे. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टण नावाचं गाव आहे. लाखेच्या लाकडी खेळण्यांसाठी जगात प्रसिद्ध, भौगोलिक मानांकन मिळून कितीतरी वर्षं झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खेळण्यांच्या दुकानांची रांग. १२ मार्च २०२३ ला नवा द्रुतगती मार्ग सुरू झाला, तो गावाला वळसा घालून गेला. लोकांचा तासभर वाचला. आणि खेळणीवाले ओरडायला लागले की गिऱ्हाईकच येईना. लाकूड तेच, लाख तीच, मानांकनाचा कागद भिंतीवर तसाच. फक्त दुकानासमोरून जाणारी गाडी गेली.

तिकडं अमेरिकेतही डोंगराळ भागातल्या कारागिरांची हीच गत होती. फ्रान्सिस गुडरिच नावाच्या बाईंनी नॉर्थ कॅरोलिनात डोंगरातल्या बायकांचं विणकाम विकायला सुरुवात केली आणि १९०८ साली ॲशव्हिल या गिऱ्हाईकांच्या शहरात दुकान थाटलं. १९३१ मध्ये त्यांनी ते दुकान कारागिरांच्या संघटनेच्या हवाली केलं. ते आजही चालू आहे. लाकडाची कातलेली भांडीसुद्धा तिथं विकली जातात. बाईंनी दुकान कारागिरांच्या नावावर केलं, एवढंच त्यातलं आपल्या कामाचं.

आता परत घरी येऊ. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज, प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये. विक्रीला मदत असंही एक कलम आहे, ते मी नाकारत नाही. पण गावात चर्चा कशाची होते? पेटीची आणि कर्जाची. लेथ घरी आली, दिवसाला पन्नास लाटणी निघायला लागली, ती ठेवायची कुठं? पुन्हा त्याच चार दुकानांत जांगडावर. फरक इतकाच की आता डोक्यावर हप्ता आहे. रेल्वेनं २०२२ पासून 'एक स्थानक एक उत्पादन' म्हणून स्टेशनावर गाळे दिले. आपल्याकडं रेल्वेच नाही! त्यासाठी आष्टी गाठायची.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी बाजूला ठेवून मी तीन-चार कामाच्या गोष्टी सांगतो. सगळ्या कायद्यात आधीपासून आहेत.

जांगड कायद्याला माहीत आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचं २४ वं कलम त्याबद्दलच आहे. पसंत पडला तर ठेवा नाहीतर परत करा, या बोलीवर माल दिला आणि मुदत ठरलेली असेल, तर ती संपेपर्यंत नको म्हणून न कळवता माल ठेवून घेणाऱ्यानं तो विकत घेतला असं धरतात. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी मुदत', म्हणजे भांडायला मोकळं रान. दुकानदार फक्त अडत्या म्हणून माल ठेवत असेल, मालकी कारागिराचीच राहणार असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून बोली काय आहे आणि मुदत किती आहे हे चिठ्ठीवर लिहायचं. जीएसटीतसुद्धा जांगडाला जागा आहे. नोंदणी असलेल्यानं असा माल पाठवला तर विकला जाईल तेव्हा, नाहीतर सहा महिन्यांच्या आत बिल करायचं. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही. तेव्हा "जीएसटीमुळं तुमचा माल घेता येत नाही" हे आपल्या मिस्त्रीला ऐकवायचं कारण नाही.

दुसरं, उद्यम नोंदणी. फुकट होते, आधार कार्डावर होते. ती असलेल्या सूक्ष्म उद्योगाचा माल विकत घेतला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दर महिन्याला चक्रवाढ व्याज. २००६ चा कायदा आहे. यावर कुणी लगेच शेठवर केस करावी असं मी सांगत नाही, गावात राहायचंय. पण वहीत नुसतं "२ डझन" लिहिण्याऐवजी तारीख, नग, भाव, मुदत आणि तडकला तर कुणाचा, एवढ्या पाच गोष्टी दोघांच्या सहीनं एका चिठ्ठीवर आल्या की निम्मी भांडणं मिटतात. तडकण्याचा भार मी तरी असा वाटेन. पहिल्या महिन्यात तडकलं तर लाकूड कच्चं होतं, म्हणून कारागिराचं. त्यानंतर तडकलं तर दुकानात उन्हाला ठेवलं, म्हणून दुकानदाराचं. आणि निम्मा माल रोखीनं, निम्मा जांगडावर. दुकानदाराचे स्वतःचे पैसे अडकले की तो माल पुढच्या फळीवर येतो, हे कुठल्याही सेल्समनला विचारा.

तिसरं खेळणीवाल्यांसाठी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली. भोवरा, भिंगरी, भातुकली, सगळं त्यात येतं. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. म्हणजे ते कारागीर ओळखपत्र नुसतं प्रदर्शनात गळ्यात घालायला नाही, ते नसेल तर भोवरा विकणंही अडचणीचं ठरू शकतं. ज्यांच्याकडं नाही त्यांनी काढून घ्या.

आणि शेवटचं, नगरपरिषद, पंचायत समिती आणि आपले सगळे पुढारी यांच्यासाठी. ६ मे २०२५ ला राज्याचं अख्खं मंत्रिमंडळ चौंडीत बसलं होतं. देवींच्या ३०० व्या जयंतीचं वर्ष. चौंडीच्या विकासाचे निर्णय झाले. येत्या काही वर्षांत तिथं येणाऱ्यांची गर्दी वाढणार, वाहनतळ होणार, आणि वाहनतळ आला की गाळे येतातच. त्या गाळ्यांत काय विकलं जाणार? कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या रस्त्यावर जे विकलं जातं तेच, गोण्यांनी आलेली प्लास्टिकची खेळणी आणि कुठं कातलं ते माहीत नसलेलं लाकूड. सावंतवाडीच्या वाड्यात जे झालं ते इथं करायला राजा लागत नाही. गाळ्यांच्या लिलावाची जाहिरात निघेल तेव्हा त्यात एवढं लिहायला हवं की दहातले दोन गाळे लिलावात नाहीत. ते तालुक्यातल्या कारागिरांच्या गटाला नाममात्र भाड्यानं, आणि गाळ्यातच खराद बसवायला थ्री-फेज कनेक्शनसह.

जाहिरात निघायच्या आधी हे बोलायला हवं. तालुक्यात अजून कोण कोण खरादीवर काम करतंय याची यादी मी करतोय. तुमच्या गावात कुणी असेल तर मला फोनवर सांगा, घरी येऊन भेटतो.